तीन शिक्के आणि वीतभर शिवण

सरकारी वकिलांच्या कचेरीत तिला सगळे ‘नव्या बाई’ म्हणत. रुजू होऊन चार महिने झाले होते. सहा पुरे होईपर्यंत नोकरी कच्च्या धाग्यावर, हे थोरल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून ठेवलं होतं. थोरले साहेब तिचे वरिष्ठ. वाईट बातमीही ते हसतच सांगायचे, त्यामुळे चांगली सांगायला आले तरी माणूस आधी खुर्चीचा दांडा धरायचा.

आजवर तिच्या वाट्याला आले होते ते सिग्नल तोडणारे आणि शेजाऱ्याच्या कुंड्या फोडणारे. आज पहिली खरी केस. घड्याळांच्या दुकानात चोरी, डोक्याला मार लागून म्हातारा दुकानदार कायमचा अधू, आणि आरोपी म्हणून समोरच्या फुटपाथवर बसणारा किल्लीवाला. तो चौदा महिने तुरुंगात होता. पुरावा म्हणावा असा एकच. दुकानातल्या तिजोरीमागे एक बटण सापडलं होतं, आणि किल्लीवाल्याच्या घरातून जप्त केलेल्या शर्टाला नेमकं तेवढंच बटण नव्हतं.

“केस बटणावर उभी आहे,” साहेब म्हणाले होते. “तेवढं नीट लावा, बाई.”

सुनावणी अकराला होती. साडेनवाला मुद्देमालाच्या खोलीतले काका, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारे कारकून, शर्टाचं पुडकं तिच्या टेबलावर ठेवून सही घेऊन गेले. काकांची एक खोड सगळ्या इमारतीला ठाऊक होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वर्णन ते वहीत इतकं बारीक लिहायचे, की पुडक्यावर माशी बसली तर तिचे पाय मोजतील, असं लोक म्हणत.

पुडकं पांढऱ्या कापडाचं, एका बाजूनं शिवलेलं, शिवणीवर लाखेचे तीन शिक्के. ते उघडायचं तर न्यायाधीशांसमोरच, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत यावर पाच मार्कांचा प्रश्न होता आणि तिला पाचही मिळाले होते.

पण तिनं तो शर्ट पाहिलाच नव्हता. बटण ओढून तुटलं की आपसूक गळलं, हे समोरचा वकील विचारणारच, आणि पहिल्याच मोठ्या केसमध्ये आ वासून उभं राहायची तिची तयारी नव्हती. त्यात हात आईचे. आई लोकांचे कपडे आखूड-सैल करून द्यायची आणि उसवायचं काम सातव्या वर्षापासून हिच्याकडे. पर्समध्ये आईनं दिलेली सुई कायम असायची. पहिल्या दोन शिक्क्यांच्या मधे वीतभर शिवण मोकळी होती. शिक्क्यांना हात लावायचा नाही, एवढं तिनं स्वतःला बजावलं, दोऱ्याची दोन्हीकडची गाठ सोडवली, सुईच्या टोकानं एकेक टाका सैल केला आणि दोरा अख्खाच्या अख्खा काढून घेतला. चोरानं खिडकीतून आत शिरावं आणि म्हणावं, दाराच्या कुलपाला मी हातसुद्धा लावला नाही, त्यातलाच प्रकार.

शर्ट निळ्या चौकडीचा होता. बटणाच्या जागी धाग्याची दोन टोकं होती, सारख्या लांबीची, कात्रीनं कापावी तशी. ओढून तुटलेलं बटण असं जात नाही. जाताना ते कापडाचा थोडा जीव घेऊन जातं.

मग तिचं लक्ष कापडाच्या आतल्या दुमडीकडे गेलं. तिथे भोकांची आणखी एक रांग होती. एका शिक्क्याखालून निघून सरळ दुसऱ्या शिक्क्याखाली जाणारी, रिकामी. तिनं उसवलेली रांग तिच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली. लाखेच्या कडेला डोकावणारा दोरा जाड, सुती, पिवळट होता. तिच्या बोटाला गुंडाळलेला बारीक, पांढरा आणि चकचकीत.

तिच्या आधी कुणीतरी याच खिडकीतून आत येऊन गेलं होतं.

नेमके तेव्हाच काका विसरलेलं पेन न्यायला परत आले. त्यांनी पुडकं पाहिलं, तिला पाहिलं आणि मागे हात करून दार लोटलं. तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. काकांनी ते उभ्यानंच ऐकलं.

“शिवून टाका,” ते म्हणाले. “मी पेन न्यायला आलो होतो, पेन घेऊन गेलो.”

“काका, आधीच कुणीतरी उघडलं होतं.”

“मग तर मुळीच बोलू नका. दोन्ही रांगा तुमच्याच म्हणतील. सही तुमची, सुई तुमची. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई.”

ते गेले. घड्याळात दहा वीस झाले होते. तिनं सुई ओवली आणि त्याच भोकांतून, त्याच दोऱ्यानं शिवायला घेतलं. टाके असे पडत होते, की आईनंही चष्मा पुसून पाहिलं असतं. शिवता शिवता तिला वाटही सुचली. पुडकं जसंच्या तसं न्यायचं आणि कोर्टात म्हणायचं, कात्री लावू नका, शिवण उसवा. आतली रांग सगळ्यांच्या देखत आपोआप बाहेर येईल. सापही मरेल, काठीही शाबूत.

सातव्या टाक्याला तिचा हात थांबला. हे पुडकं कुणाकुणाच्या हातात होतं, असं कोर्ट विचारणारच. तेव्हा दुसऱ्याच्या लबाडीकडे बोट दाखवणारी ती स्वतः लबाडीवर उभी असणार. ते कधी उघडकीला आलं, तर तिच्याबरोबर ती भोकांची रांगही कचऱ्यात जाणार, आणि किल्लीवाला पुन्हा आत. नोकरी तिची, पण वर्षं त्याची जायची होती.

तिनं सुई तशीच लोंबती ठेवली आणि पुडकं दोन्ही हातांवर घेऊन निघाली.

कोर्टात किल्लीवाला पिंजऱ्यात उभा होता, मागच्या बाकावर त्याची बायको. त्यानं आधी पुडक्याकडे पाहिलं आणि त्याची नजर थेट लोंबत्या सुईवर गेली. बंद वस्तू कुठून उघडते हे पाहण्यातच त्याचा जन्म गेला होता.

थोरले साहेब तिच्या शेजारी येऊन बसले होते, हसत.

“मॅडम,” ती न्यायाधीशांना म्हणाली, “हे पुडकं आज सकाळी मी उघडलं. तो माझा गुन्हा. पण माझ्या आधीही ते कुणीतरी उघडून पुन्हा शिवलंय.”

साहेबांचं हसू जागच्या जागी वाळलं. तिनं भोकांच्या दोन रांगा दाखवल्या, दोन दोरे दाखवले. तपास अधिकारी उठला आणि काका म्हणाले होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत म्हणाला. नव्या बाईंनी स्वतःची चूक झाकायला गोष्ट रचली आहे, एवढी भर घातली.

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. “तुम्ही उघडलंत, हे तुम्हीच कबूल करताय. तो पांढरा दोराही तुम्हीच आणला नाही, हे मी कशावरून मानू?”

तिनं पुडकं टेबलावर ठेवलं.

दाराशी कुणीतरी खाकरलं.

“माझी वही आणू का, मॅडम?” काका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वही आली. काकांनी चष्म्यातून वाचलं. शर्ट जप्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुडकं जमा, तीन शिक्के शाबूत, दोरा जाड, सुती, पिवळट. चौथ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी नेलं. पाचव्या दिवशी परत, तीन शिक्के शाबूत, पहिल्या दोन शिक्क्यांमधला दोरा पांढरा, बारीक, चकचकीत.

दुकानात बटण सापडलं होतं सहाव्या दिवशी, म्हणजे पुडकं परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ते कुणाला वाचून दाखवावं लागलं नाही. तपास अधिकारी आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

न्यायाधीश मॅडमनी आधी तिची चूक लिहून घेतली, पूर्ण, एक शब्द न गाळता. मग पुडक्याची चौकशी आणि किल्लीवाल्याला जामीन. त्याची बायको उठली आणि आभार न मानता तिच्या समोरून गेली. चौदा महिन्यांचे कसले आभार.

थोरले साहेब म्हणाले, केसचे कागद आत्ता द्या, लेखी खुलासा संध्याकाळपर्यंत, नोकरीचं वरून ठरेल. हे सांगताना ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

पुडकं आहे त्या अवस्थेत जमा करायचा हुकूम होता. ती मुद्देमालाच्या खोलीत गेली तेव्हा काका वही उघडून बसले होते. अक्षर नेहमीसारखंच टपोरं.

“दोऱ्याचं लिहितो म्हणून सगळी इमारत मला हसायची,” ते म्हणाले, आणि मान वर न करता विचारलं, “सुई कितवा नंबर?”

“सात. आईची आहे.”

“परत मिळायला वर्ष-दोन वर्षं जातील.”

“जाऊ देत. लिहा.”

काकांनी लिहिलं. सुई एक, नंबर सात, दोऱ्यासकट. शिवण अर्धी.