तीन ओंजळी पालक

चारशे वीस ग्रॅम. देठांसकट.

भीमराव तेहेतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात वजनं घेत होते. हजारो बोचकी काट्यावर चढवली, एकाच्याही मालकावर विश्वास ठेवला नाही. निवृत्तीनंतर ते जयपुरातच, तिलक नगरात राहिले. आता पत्नीचं, प्रभावतीबाईंचं, उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं, आणि स्वयंपाकघर भीमरावांच्या ताब्यात आलं. त्यांनी आधी डिजिटल काटा आणला.

सोमवारी नागपूरहून लेकीचा, मयूरीचा फोन. "रविवारी येते मी. मतलब, बाबांना जमत नसेल तर आईला इकडेच घेऊन जाते."

प्रभावतीबाईंवाचून भीमरावांना त्या घरात एक दिवसही काढायचा नव्हता. तसं तोंडानं सांगणं जमलं नसतं. पालकाची पातळ भाजी कदाचित जमली असती.

"पालक किती?"

"तीन ओंजळी," पलंगावरून उत्तर आलं.

"ग्रॅममध्ये सांग."

"मले काय माहीत जी? भाजी पार्सलनं पाठवायची आहे का?"

एकशे नव्वद ग्रॅम. ओंजळी भीमरावांच्या.

मंगळवारी भाजी खारट. परातभर पानांच्या हिशेबानं मीठ पडलं, मग पानं शिजून अर्धी वाटी उरली.

"पाला आधी बसू द्या ना. मग मीठ."

वहीत नोंद: सैल सहा वाट्या, दाबून तीन, चिरून दोन, शिजून अर्धी. पार्सल ऑफिसात एवढी घट आली असती तर चौकशी बसली असती.

साठ ग्रॅम. नुसतं पाणी.

"चाकसू के खेत का है बाबूजी, एकदम ताज़ा," ठेलेवाला म्हणाला होता. ताजेपणा त्यानं शिंपडला होता. बुधवारी, गुरुवारी भीमरावांनी एकेक पान पंचानं पुसलं. तरी भाजीत डाळ जास्त, नाहीतर पाला जास्त.

शुक्रवारी त्यांनी प्रभावतीबाईंच्या डाव्या हातात पानं भरली, मोजली, आकडा दुप्पट केला.

"दोन हात जोडले की मधे जागा होते," त्या म्हणाल्या. "ते धरली का?"

नव्हती धरली. भीमरावांनी आपला उजवा हात त्यांच्या डाव्याला लावला.

"बोटं मिटा थोडी. माझा पंजा का एवढा आहे?"

अठ्ठेचाळीस ग्रॅम. गुणिले तीन.

रविवारी मयूरीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. "बाबा! एकदम आईसारखी!"

भीमरावांनी वही मिटली. प्रभावतीबाईंनी डाव्या हातानं ताट पुसून खाल्लं.

"चला, माझी चिंता मिटली. हे उपाशी राहतील म्हणून मी इथं अडकून होते. मयूरी, बॅग भर बाई."

"मीठ जास्त झालंय ना?" भीमरावांनी घाईनं विचारलं.

"नाही जी. बरोबर आहे."

"डाळ कच्ची लागते जरा."

"बाबा, आईला दोन घास आयते खाऊ द्या की!"

नऊ किलो दोनशे.

"एवढीशी बॅग," काट्याकडे बघत भीमराव म्हणाले. "चार दिवसांची दिसते."

"दाबून भरली जी," प्रभावतीबाई म्हणाल्या.