दरोडेखोराची जागा

"टँटी मार्व्हेल, तू रोज दाढी करतेस का?"

रेनेसाने विचारून टाकलं. पैजच होती तशी. पिसांच्या खोक्यांमागे तिच्या मैत्रिणी कदीशा आणि ऑर्नेला तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. टोरांटोतल्या त्या तळघरात कार्निव्हलच्या मिरवणुकीची सोंगं शिवली जात होती. सगळ्यांच्या सुया थांबल्या.

टोपीच्या काठाला झालर लावता लावता मार्व्हेलने, सगळ्या पोरींच्या टँटीने म्हणजे मावशीने, मान वर केली.

"रोज. तुझी आई आठवड्यातून दोनदा करते, तिला नाही विचारलंस?"

तळघरभर हशा पिकला. शिवणयंत्रामागे रेनेसाची आईसुद्धा हसली. रेनेसाही हसणार होती, तेवढ्यात दोरा ओवायला मार्व्हेल दिव्याकडे झुकली. हनुवटीवर पावडरचा जाड थर होता, आणि त्याच्या कडेने जे निळं डोकावत होतं ते दाढीचं नव्हतं.

रेनेसा तिच्याशेजारी जाऊन बसली. खोक्यांमागून खुणा येत राहिल्या. तिने तिकडे पाहिलं नाही.

"अंकल डेझमंड?" तिने हळूच विचारलं.

"मी जिन्यावरून पडले."

"तुमच्या घराला जिना कुठाय?"

"मग शेजाऱ्यांच्या जिन्यावरून पडले असेन." दोरा सुईत जाईना.

डेझमंड म्हणजे रेनेसाच्या डॅडींचा धाकटा भाऊ. पथकाची स्टीलपॅन, म्हणजे पोलादी पिंपांची वाद्यं, त्याच्याच हातात. मार्व्हेल त्याच्याबरोबर राहते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो हात उचलतो हेही. दोन्हींबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

पथक चालवणारे डॅडी आले ते टोपीकडेच बघत.

"मार्व्हेल, यंदा तुझा दरोडेखोर नको. डेझमंड म्हणतो, ती रस्त्यावर असेल तर मी वाजवणार नाही. एक वर्ष बस घरी. घरातलं घरात राहू दे."

"घरातच तर राहिलंय, विन्स्टन."

डॅडींनी एक पीस उचललं, झटकलं, पुन्हा ठेवलं आणि निघून गेले.

दरोडेखोराचं सोंग मार्व्हेलचंच. छत्रीएवढी टोपी, काळा झगा, तोंडात शिट्टी. तो वाटेत ज्याला अडवेल, त्याने दरोडेखोराचं बोलणं संपेपर्यंत हलायचं नाही, ही त्रिनिदादपासूनची रीत. जो हलेल त्याची हुर्यो सगळा रस्ता उडवणार.

"यंदा कोणाला अडवणार होतीस?" रेनेसाने विचारलं.

"एकालाच. परीक्षकांच्या मंचासमोर, भर दुपारी."

"पोलिसांना का नाही सांगत?"

"गेले होते ना. कार्डावरचं जुनं, पुरुषाचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं आणि हसले. मला परत त्याच्याच दाराशी सोडलं." मार्व्हेलने दोरा दाताने तोडला. "आता बहिणीकडे राहते. त्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. पण गप्प राहून घर सोडलं, असं त्याला वाटायला नको."

खोक्यांमागून ऑर्नेला ओरडली, "काय गं, काय म्हणाली?"

"पैज तुम्ही हरलात," रेनेसा म्हणाली. "जा घरी."

संध्याकाळी जेवताना आईने पेलाव-भाताचं भांडं मधे ठेवलं. डॅडी पथकाच्या राणीच्या मुकुटाबद्दल आणि पंखांबद्दल बोलत होते. यंदा राणी रेनेसा होती.

"डॅडी, टँटी मार्व्हेल सगळ्यात पुढे चालणार आणि मंचासमोर अंकल डेझमंडला अडवणार," ती म्हणाली. "ती नसेल तर मीही नाही. राणीशिवाय किती गुण मिळतात ते बघा."

"आणि संगीत? डेझमंड—"

"वाजवेल तो. टाळ्यांशिवाय त्याला जेवण जात नाही. नाहीच आला तर आपण बाटल्या आणि चमचे वाजवू. आजोबा तेच वाजवायचे ना?"

"तो माझा भाऊ आहे, रेनेसा."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय. पोलिसांना नाही."

डॅडी आईकडे बघू लागले. आईने डाव भरून भात घेतला आणि रेनेसाच्या ताटात वाढला. मग आणखी एक.

"आणि तिचं बोलणं संपायच्या आत तो निघून गेला तर?" डॅडींनी विचारलं. आवाज आता तेवढा मोठा नव्हता.

"कुठून जाईल? मी त्याच्या मागे उभी राहणार आहे, पंख उघडून. आईनेच शिवलेत. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत."