फेसाचा रंग

शिसे आणि जस्त त्या खनिजात एकमेकांत असे गुंतलेले असत, की त्यांना विलग करणे ही एक साधनाच होती. खनिज दळून पाण्यात कालवायचे. आरंभीच्या टाक्यांत औषध देऊन जस्ताला खाली निजवायचे आणि शिशाला बुडबुड्यांच्या पाठीवर बसवून वर आणायचे. जस्ताची पाळी पुढच्या टाक्यांत. ते अकाली जागे झाले, तर राखाडी फेसावर तपकिरी छटा उमटे. ती छटा ओळखण्यात ताईंची उभी हयात गेली होती. त्या विभागप्रमुख खऱ्या, पण कारखान्यात सगळ्यांच्या ताईच.

अलीकडे मात्र त्यांना राखाडी आणि तपकिरी एकच दिसू लागले होते. हे त्यांनी एकाच माणसाला सांगितले: धाकट्या भावाला. आईमागे त्यांनीच त्याला लहानाचे मोठे केले, याच कारखान्यात चिकटवले. डोळ्यांची शस्त्रक्रिया होईस्तोवर तू माझी नजर हो, एवढेच त्यांचे मागणे. डोळ्यांचे भाडे म्हणून रोज एक कप चहा पडेल, असे तो हसत म्हणाला होता. तेव्हापासून तो टाकीवर वाकून रंग सांगे आणि ताई औषधाची तोटी फिरवीत. लोक त्याला ‘ताईंचे शेपूट’ म्हणून चिडवीत; तो ते हसण्यावारी नेई.

त्या दिवशी खाणीच्या नव्या भागातले खनिज आले. ताईंनी पुनःपुन्हा रंग विचारला.

“राखाडीच आहे गं. उगाच जिवाला घोर लावून घेतेस.”

ताईंनी तोटी होती तशीच ठेवली.

दुपारी प्रयोगशाळेचा निरोप घेऊन व्यवस्थापक स्वतः आले. शिशात जस्तच जस्त निघाले होते. ताईंनी बशीत फेस घेतला, पाणी घालून हिंदकळवला आणि खिडकीतल्या उन्हात डोळ्यांशी नेला. जड शिसे एका कडेला बसले. त्यापुढे त्यांनाही दिसावा इतका रुंद तपकिरी पट्टा. भावाची नजर जमिनीवर होती. त्याचा खोटेपणा सांगावा, तर आपलेही झाकलेले उघडे पडणार. क्षणभर थांबून त्यांनी ते पत्करले.

“साहेब, मला रंग दिसत नाहीत. लपवलं, ही माझी चूक. पण आज–”

“ठाऊक आहे मला,” व्यवस्थापक हलक्या आवाजात म्हणाले. “तुमच्या भावानंच मागे सांगितलं, काळजीपोटी. ताई ऐकायची नाही, काम माझ्यावर सोपवा, म्हणाला. मीच म्हटलं, काही चुकेपर्यंत राहू दे.”

उद्यापासून विभाग भावाकडे, हे त्यांनी शक्य तितक्या सौजन्याने सांगितले आणि ते गेले.

ताई भावाला म्हणाल्या, “मागितलं असतंस, तर दिलं असतं रे.”

ताईंनी तोटी सैल केली. औषध टाकीत उतरले, घुसळण चालू राहिली. बऱ्याच वेळाने तो पूर्वीसारखाच वाकला.

“ताई, राखाडी होतोय बघ फेस.”

कदाचित ते खरेही असेल. ताईंनी पलीकडच्या टाकीवरच्या कामगाराला हाक मारली आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “जरा इकडे या हो. मला दिसत नाही. या फेसाचा रंग कोणता, तेवढं सांगा.”