थपडांचा सिनेमा

शर्मिष्ठा गोतमारेचं डोकं फिरलं ते सहाव्या थपडेला. तोवर ती बाकीच्यांसारखीच सिनेमा पाहत होती, जरा अवघडून, पण मन लावून.

रविवारची दुपार होती. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या विदर्भ स्नेही मंडळाच्या सभागृहात महिन्यातून एकदा फिल्म क्लबचा खेळ व्हायचा. मराठी माणसं निम्मी, हिंदी बोलणारी निम्मी, अशी चाळीसेक मंडळी यायची. क्लब चालवायचा आशय केतकर. पुण्याचा, नवा रायपूरच्या एका संस्थेत नोकरीला, वय पस्तिशीच्या आतबाहेर. त्या दिवशीच्या परदेशी सिनेमाचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून पुढे सगळे त्याला थपडांचा सिनेमाच म्हणू लागले.

गोष्ट साधी होती. एका छोट्या देशात हुकूमशहाची राजवट येते. एका कापड गिरणीत एक मेजर येतो आणि रोज सकाळी कामगारांना मैदानात उभं करतो. स्वतः कुणाला बोटही लावत नाही. दोघादोघांना समोरासमोर उभं करायचं, एकानं दुसऱ्याला थप्पड मारायची, मग दुसऱ्यानं पहिल्याला. तो नुसता मोजत राहतो. सिनेमाच्या मधोमध दोन बहिणींची पाळी येते. तो प्रसंग अकरा मिनिटं चालतो आणि कॅमेरा जागचा हलत नाही.

तिसऱ्या थपडेला मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं. जाता जाता त्यातली बाई म्हणाली, "ये सब दिखाने की चीज है क्या?" पुढे बसलेला एक माणूस फिसकन हसला आणि मग स्वतःच गप्प झाला. सहाव्या थपडेला धाकट्या बहिणीचा चेहरा क्षणभर कोरा पडला. तिनं जबडा दोनदा हलवला, गिळल्यासारखं केलं, आणि मेजरनं पुढचा हुकूम दिला तेव्हा मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केला. पुढच्या हुकमालाही तसंच.

शर्मिष्ठा सरकारी दवाखान्यात कान तपासायच्या खोलीत एकोणीस वर्षं काम करत होती. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, आवाज आला की बोट वर करायला सांगायचं. कानशिलात बसून पडदा फाटलेल्या बाया तिच्याकडे दर आठवड्याला यायच्या. दारावर आपटले, न्हाणीत पडले, असं काहीबाही सांगायच्या आणि तिच्याशी बोलताना मान अगदी अशीच वळवायच्या. हा अभिनय नव्हे, हे तिला पक्कं कळलं. उरलेला सिनेमा तिनं पाहिला, पण त्यातलं तिला काही दिसलं नाही.

खेळ संपल्यावर नेहमीप्रमाणे चर्चा झाली. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, सत्ता माणसाला माणसाकडून कशी मारवते ते यात दाखवलंय. एक गृहस्थ चिडून म्हणाले, वर्दीचा असा अपमान आपल्या शहरात का दाखवावा. दुसरे कुणी म्हणाले, फारच लांबण लावलीय. आशय सगळ्यांचं हसतमुखानं ऐकत होता. मग तो म्हणाला, "कॅमेरा हलत नाही, कारण दिग्दर्शकाला आपल्याला पळू द्यायचं नाहीये. आपणही त्या मैदानात उभे आहोत."

शर्मिष्ठानं हात वर केला. "त्या लहान बहिणीच्या कामातली जे पोरगी आहे, तिले खरंच मारलं का?"

"हो," आशय म्हणाला. त्याचा आवाज जरा खुललाच. "दिग्दर्शकानं मुलाखतीत सांगितलंय. शूटिंगच्या दिवसापर्यंत तिला कल्पना दिली नव्हती. नाटकी झालं असतं ना. म्हणून तर ते इतकं भिडतं."

"तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. सहाव्या थपडेले. मी तेच काम करतो रोज, मले दिसते ते."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली.

"असेल," आशय म्हणाला. "पण ताई, आपण कलाकृतीबद्दल बोलतोय. तुम्ही ते फार वैयक्तिक घेताय."

"वैयक्तिक तिचंच हाय ना, कान तिचा हाय," शर्मिष्ठा म्हणाली. ती कधी सभेत बोलायची नाही. आता पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली. "तिले इचारलं नाही, सांगितलं नाही, उभं केलं अन् मारलं. कोणी मारलं? मोठ्या बहिणीच्या कामातल्या बाईनं. कोणाच्या हुकमानं? खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या. मंग तुमचा दिग्दर्शक अन् तो मेजर, यायच्यात फरक काय? अन् तुम्ही त्याले शाबासकी देऊन राहिले. मले तर हे पाहून लाज वाटली."

प्राध्यापक चष्मा पुसू लागले. आशयनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "छान मुद्दा आहे. वेळ झालीय, चहा घेऊया." दोघंतिघं हसले. शर्मिष्ठा चहा न घेता स्कूटी काढून चौबे कॉलोनीतल्या घरी आली आणि संध्याकाळभर भांडी आदळत राहिली. छान मुद्दा आहे, एवढ्यावर तिची बोळवण झाली होती, आणि तिला तेच सहन होत नव्हतं.

सोमवारी तिची मुलगी स्वरदा कॉलेजातून आली ती मोबाईल पुढे धरूनच. "मम्मी, तू तो वायरल हो गई."

एका स्थानिक न्यूज पोर्टलवर चौदा सेकंदांची क्लिप होती. सभागृहात कुणीतरी मोबाईलवर घेतलेली. त्यात शर्मिष्ठा म्हणत होती, "तुम्ही त्याले शाबासकी देऊन राहिले. मले तर हे पाहून लाज वाटली." वर मथळा होता: देशविरोधी अश्लील फिल्म पर भड़की महिला, आयोजकों को सुनाई खरी-खरी. खाली शेकडो लोकांनी तिला शाबासकी दिली होती. कुणी नारीशक्ती लिहिलं होतं, कुणी म्हटलं होतं की त्या आयोजकांनाच चार थपडा द्या म्हणजे कळेल.

"या चार थपडावाल्यानं माह्यं बोलणं ऐकलं तरी का?" शर्मिष्ठा म्हणाली.

"कौन सुनता है मम्मी, चौदा सेकंद में?"

शर्मिष्ठानं पोर्टलचा नंबर शोधून काढला. फोनवर यशदीप नावाचा मुलगा आला, अगदी अदबीनं बोलणारा. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. सिनेमा दाखवला त्याला माझी हरकत नाही, दाखवायलाच पाहिजे. तो अश्लील नाही, देशाविरुद्धही नाही. माझा राग त्या मुलीला न विचारता मारलं त्यावर आहे, आणि ते माहीत असून वाहवा करणाऱ्यांवर आहे. हे छापा.

"दीदी, ये तो लंबा हो जाएगा," यशदीप म्हणाला. "और लोग दोनों बात एक साथ नहीं समझते. आप फिल्म के साथ हैं या खिलाफ, बस इतना बता दीजिए."

"मैं उस लड़की के साथ हूँ."

"उसमें स्टोरी नहीं बनती, दीदी."

तिनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते.

मंगळवारी कुठल्याशा संघटनेची पाच माणसं मंडळात फिल्म क्लब बंद करा, असं पत्र देऊन गेली. बुधवारी मंडळाचे अध्यक्ष श्यामराव उमाठे यांचा फोन आला. श्यामराव रेल्वेतून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांचे सोबती. त्यांनी लहानपणी तिला सायकल शिकवली होती. म्हणाले, "बाई, संध्याकाळी सहाले मंडळात ये. दोन मिनिटाचं काम हाय."

मंडळाच्या कचेरीत लांब टेबलाशी श्यामराव, दोन कार्यकारी सदस्य आणि कोपऱ्यात आशय बसला होता. आशयनं तिच्याकडे पाहिलं नाही. श्यामरावांनी तिच्यासमोर एक कागद सरकवला. हिंदीत टाइप केलेला. मंडळाच्या एका महिला सदस्येच्या तक्रारीवरून, महिलांच्या भावना दुखावल्यामुळे, मंडळ खेद व्यक्त करत आहे आणि फिल्म क्लबला यापुढे सभागृह दिलं जाणार नाही, असा त्याचा मतलब होता. खाली आशयची सही झालेली होती. तिच्या नावापुढे जागा कोरी होती.

तिनं कागद दोनदा वाचला. "काका, मी तक्रार कधी केली?"

"बोलली ना तू सभेत. सगळ्यायनं पाहिलं."

"मी बंद करा म्हणून नाही बोलली."

श्यामरावांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "हे पाय शर्मिष्ठा. आपण इथं चार पिढ्यांपासून राहून राहिलो, तरी लोकायच्या लेखी आपण नागपूरवाले. मंडळाची इमारत जुनी. दगड याले किती वेळ लागते? त्या लोकायले काहीतरी द्या लागते."

"म्हणून त्यायले मले देऊन राहिले?"

श्यामराव टेबलावरचा कागद सरळ करू लागले.

"काका, तुम्ही सिनेमा पाहिला का?"

"मले काय करायचं पाहून?"

ती आशयकडे वळली. "अन् तुम्ही? रविवारी म्हणत होते, पळू द्यायचं नाही. तीन दिवसात सही करून मोकळे?"

आशयचा चेहरा उतरलेला होता. "ताई, माझ्या संस्थेत फोन गेला होता. तुम्हाला कल्पना नाही."

"मले कल्पना नाही, बरोबर हाय. मले नाही, त्या पोरीलेही नाही. कल्पना फक्त तुमालेच असते." तिला आता भीती वाटत नव्हती, नुसता संताप होता आणि त्यानं तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. "तुमाले नोकरीची भीती वाटली, मी समजू शकतो. पण कागदावर तुमची भीती लिहा ना. माह्यं नाव काहून लिहिता? रविवारी मी वैयक्तिक घेऊन राहिली होती, बुधवारी मीच समद्या महिलायच्या भावना झाली."

तिनं पर्समधून पेन काढलं. श्यामरावांना वाटलं, सही करतेय. तिनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहिलं: मी कोणतीही तक्रार केलेली नाही. हा सिनेमा पुन्हा दाखवावा. मी पुन्हा येईन आणि पुन्हा हाच प्रश्न विचारीन. खाली सही केली, तारीख टाकली आणि निघून आली.

त्याचा उपयोग काही झाला नाही. कार्यकारिणीनं दुसरा कागद टाइप करून घेतला, शर्मिष्ठाच्या सहीवाचून ठराव मंजूर केला, इतिवृत्ताच्या वहीत 'एका महिला सदस्येच्या तक्रारीवरून' असंच लिहिलं गेलं आणि क्लब बंद पडला. दवाखान्यात ओळखीपाळखीचे तिचं अभिनंदन करायचे, आणि क्लबातली माणसं बाजारात दिसली तर रस्ता बदलायची. दोन्हींचा तिला सारखाच उबग आला.

तीन आठवडे तिनं ते सोसलं. मग एके दिवशी स्वरदाला म्हणाली, "तो सिनेमा आपल्या टीव्हीवर लागते का?"

"ऑनलाइन है. लगा दूँगी. पर तुझे तो उससे नफ़रत है ना?"

"हव. म्हणूनच लाव."

तिनं फोन करून लोकांना घरी बोलावलं. बारांना सांगितलं, सहा आले. आशय आला नाही, कामाचं कारण कळवलं. दवाखान्यातली परिचारिका प्रेमला आली, प्राध्यापक आले, शेजारचं जोडपं आलं, क्लबातली एक मुलगी आली. आणि पाच मिनिटं उशिरा श्यामराव आले. दारातच म्हणाले, "तू रागात हायेस म्हणून आलो. सिनेमा पाहाले नाही." आणि खुर्चीत बसले.

सिनेमा सुरू व्हायच्या आधी शर्मिष्ठानं सगळ्यांना सांगितलं की मधल्या प्रसंगात धाकटी बहीण झालेली मुलगी खरंच मार खाते आहे, तिला आधी सांगितलेलं नव्हतं, ज्याला पाहायचं नसेल त्यानं त्या अकरा मिनिटांत स्वयंपाकघरात बसावं. प्रेमला उठून गेली. बाकीचे बसले. श्यामराव दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले होते. आठव्या थपडेला ते म्हणाले, "बंद कर." शर्मिष्ठानं बंद केलं नाही. ते उठलेही नाहीत.

नंतर खूप वाद झाला. प्राध्यापक म्हणाले, असा प्रसंग दुसऱ्या कुठल्या मार्गानं इतका खरा झाला नसता. प्रेमला म्हणाली, मग होऊ नये खरा, त्याच्यावाचून कोणाचं अडलं होतं. क्लबातली मुलगी म्हणाली, मी दोन्ही वेळेला पाहिला आणि दोन्ही वेळेला मला काहीच कळलं नाही की मी काय करायला हवं होतं. दिग्दर्शक आणि मेजर यांच्यात फरक काय, हा प्रश्न शर्मिष्ठानं पुन्हा विचारला. या वेळी कुणी घड्याळ पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर चपला घालताना श्यामरावांचा आवाज चढला. "हे तू मले काहून दाखवलं? या वयात?"

"तुम्ही न पाहता बंद केलं होतं, काका."

"पाहिलं असतं तरी बंदच केलं असतं. आज तर पक्कं केलं असतं."

"करा ना. पण तुमच्या नावानं करा."

ते जिना उतरले. ती दार लावून घेण्याऐवजी तिथंच उभी राहिली, त्यांची काठी खालपर्यंत वाजत गेली.

मंडळाच्या पुढच्या बैठकीचं तिला प्रेमलाच्या नवऱ्याकडून कळलं, तो मंडळाचा सदस्य होता. क्लबला सभागृह द्यायचं नाही हा ठराव तसाच राहिला, त्यात बदल झाला नाही. पण श्यामरावांनी मागचं इतिवृत्त उघडायला लावलं, 'एका महिला सदस्येच्या तक्रारीवरून' हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले आणि वर लिहिलं, 'अध्यक्षांच्या निर्णयावरून'. बाजूला पूर्ण सही. एका सदस्यानं विचारलं, साहेब, उद्या त्रास झाला तर? ते म्हणाले, "होईल तर मले होईल."

त्यांनी शर्मिष्ठाला हे कधी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. एवढ्यानं तिचा राग गेला असंही नाही. मंडळाची वर्गणी तिनं त्या वर्षी भरली नाही, आणि ती चौदा सेकंदांची क्लिप पोर्टलवर अजून आहे, रोज कुणीतरी तिला तिथं शाबासकी देऊन जातं.