मंडळीत शांती आहे का?

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या लॉरेल फोर्क चर्चमध्ये प्रभुभोजन वर्षातून एकदाच, जूनच्या एका रविवारी. आदल्या दिवशी सभा भरायची आणि पाळक एल्झी विचारायचे, "मंडळीत शांती आहे का?" सगळ्यांनी 'आहे' म्हटलं तरच दुसऱ्या दिवशी भाकर मोडायची. एकानेही 'नाही' म्हटलं तर ती झाकलेलीच राहायची. तो एक जण नवा की जुना, हे कुणी बघायचं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. मार्चमध्ये ओढ्यावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडून माझा बाप्तिस्मा झालेला. मंडळीत सगळ्यात नवी मीच.

त्याच वसंतात हायरम स्टॅम्परची डुकरं मोडक्या कुंपणातून टेकडीवरच्या दफनभूमीत घुसली आणि बाबांची कबर उकरून गेली. खाणीचं छत कोसळून बाबा गेले, त्याला वर्षही झालं नव्हतं. हायरम आमचा डीकन, पाळकांच्या हाताखालचा सेवक. मी सांगायला गेले तर खोगिराचा पट्टा शिवत म्हणाला, "पोरी, डुकरांना काय कळतं?"

"त्यांना नाही, पण मालकाला तरी कळतं ना?"

तो हसला. कुंपण तसंच राहिलं. मी पुन्हा गेले, तो पुन्हा हसला.

शनिवारच्या सभेत चाळीस माणसं 'आहे, आहे' म्हणत होती. मीही तेच म्हणणार होते. पण उठून उभी राहिले आणि म्हणाले, "नाही." आई मागून माझा झगा ओढत होती.

एल्झीभाऊ रागावले नाहीत. "कुणाबद्दल, ओमा?"

"हायरमभाऊंबद्दल."

"त्यांना एकट्यात सांगितलंस?"

"दोनदा."

"मग उद्या सकाळी पुन्हा विचारीन," ते म्हणाले आणि सभा उठली.

बाहेर हायरमची बायको लूटी माझ्यावर धावून आली. "डुकरांपायी प्रभूचं ताट अडवलंस!" मामा म्हणाला, "उद्या 'आहे' म्हण आणि मोकळी हो. डायसी आजी पुढचा जून बघते की नाही कोण जाणे."

डायसी आजी एक्याण्णव वर्षांची. माझा जीव कळवळला. मी तिच्याजवळ गेले. "आजी, तुमच्यासाठी म्हणू का?"

"माझ्यासाठी खोटं बोललीस तर तो घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही. दात तर गेलेच गं, गिळता येतं तेवढं राहू दे."

दुपारी मी टेकडीवर गेले. हायरम कोट काढून कुंपणाला नव्या बल्ल्या बसवत होता.

"पश्चात्ताप झाला वाटतं," मी म्हणाले.

"कसला पश्चात्ताप? लूटीने जेवायलाच वाढलं नाही. तुला शिव्या देऊन झाल्या, मग माझी पाळी." त्याने घाम पुसला. "तुझ्या बापाचे, डॉसनचे पाय कुठल्या बाजूला?"

"पूर्वेला. सगळ्यांचेच पूर्वेला."

"ते मलाही ठाऊक आहे. दगड हललाय म्हणून विचारतो."

आम्ही दोघांनी मिळून दगड सरळ केला. मी हातांनी माती सारखी करू लागले. तो खाली मान घालून म्हणाला, "त्याला त्या ढिगाऱ्यातून मीच काढलं होतं, ओमा. नंतर इकडे पाऊल वळायचं नाही."

"मग तसं सांगायचं होतंत."

"डुकरांबद्दल बोलणं सोपं होतं."

शेवटची बल्ली बसेपर्यंत मी दुसरं टोक धरून उभी राहिले.

रविवारी एल्झीभाऊंनी पुन्हा विचारलं. सगळ्यांचं 'आहे' म्हणून झालं आणि चर्च थांबलं. त्यांत माझ्या आजोबांच्या वयाची माणसं होती, माझ्याशी भांडलेली लूटी होती, पण कुणी खाकरलंसुद्धा नाही. एवढी माणसं एका पोरीच्या शब्दासाठी अशी थांबलेली मी पुढे जन्मात कुठे पाहिली नाहीत. राग कुठे उरलाय का, म्हणून मी मनाचा कोपरान् कोपरा धुंडाळला. त्याला वेळ लागला. एल्झीभाऊंनी तो लागू दिला.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी भाकरीवरचं फडकं काढलं.