चिलेबचं टेकाड

पाणथळीतलं पाणी गेलं की हळूहळू माणसाला काही वाटेनासं होतं. आधी मी चिडायचो. वरच्या धरणवाल्यांना, मंत्र्यांना, ढगांना, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. मग म्हशी मरायला लागल्या. तिसरी मेली की चौथी, आता आठवत नाही, पण तिच्या शेजारी उभा राहून मी चहा प्यालो. सबरिया, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "साखर बरोबर झाली का?" मी म्हणालो, "झाली." एवढंच बोलणं झालं.

अशात बसऱ्याहून नुहादबाई आल्या. होडी आता चालत नाही, सुकल्या तळातून गाडीनं आल्या. डॉक्टर आल्यात म्हटल्यावर गावातल्या बायकांनी गुडघे दाखवले, एकीनं तर आजारी रेडकू ओढत आणलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "अगं बायांनो, मी मेलेल्यांची डॉक्टर. तेही पाच हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांची."

मोठमोठ्या शहाण्यांचं म्हणणं असं, की त्या काळी इथवर समुद्र होता, इथे कुणी राहणं शक्यच नव्हतं. बाई म्हणतात, समुद्र नव्हता. हीच पाणथळ होती, हेच बोरू होते, आणि आमच्या पूर्वेच्या टेकाडावर बसून माणसं तारे बघत. उभा जन्म त्या हेच सांगत आल्या. एका परिषदेत कुणीतरी भर सभेत म्हणालं, "बाई, तारे बघा, तोडू नका." सभा खो खो हसली. बाईंनी हे मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच हसू आलं नाही.

म्हशींचंही तसंच. म्हशी बोरू खाऊन पाणथळीचा नाश करतात, म्हणून म्हशीवाल्यांना उठवा, असं पर्यावरणवाल्यांचं पक्कं मत. बाई म्हणतात, म्हैस चरली नाही तर बोरू माजतो, वाटा बुजतात, पाणी सडतं. हे मला पटलं. म्हणून मी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

जेवता जेवता त्यांनी नकाशा पसरला. "हे बघा चासिबभाऊ, तुमचं टेकाड. नाव काय लिहिलंय? चिलेब. कुत्र्याचं पिल्लू. आता ऐका. जुन्या मातीच्या विटांवर एका तारकापुंजाचं नाव कुत्रा असं आहे. आणि तुमच्या गावातून बघितलं तर तो बरोबर त्या टेकाडामागून वर येतो. अहो, नाव टिकलं! भिंती विरघळल्या, पण लोकांच्या तोंडी नाव टिकलं!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सबरिया समोर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

बाई पुढे म्हणाल्या, गुरुवारी सरकारी समिती येतेय. टेकाड जुनं आहे असं त्यांना वाटलं, तर वरच्या सपाटीवर खणायला परवानगी मिळेल आणि आसपासची पाणथळ राखीव होईल. राखीव झाली की बंद कालव्याचं दार उघडावंच लागेल. पाणी थोडं उरलंय. ज्याचं नाव मोठं, त्याच्याकडे ते जातं.

आता काय सांगू? चिलेब आमचा मुलगा.

त्याच्या आधीची दोन गेली होती. म्हणून आमच्या रीतीप्रमाणे घाणेरडं नाव ठेवलं. कुत्र्याचं पिल्लू म्हटलं की मृत्यूला किळस येते, तो पुढच्या दाराला जातो म्हणतात. गेला नाही. आमच्यात मोठं माणूस गेलं की नजफच्या पवित्र कबरस्तानात नेतात, तान्ह्याला कोण एवढ्या लांब नेणार? टेकाडावरच मातीत ठेवतात. त्या वर्षी पाणी वर चढलं होतं, म्हणून आम्ही त्याला अगदी माथ्यावर ठेवलं. टेकाडाला तेव्हा नावबिव काही नव्हतं. सबरिया होडी सोडताना म्हणायची, "चिलेबकडे जाऊन येते." ते शेजारणींनी उचललं, मग पोरांनी, मग अख्ख्या गावानं. मग सरकारनं आम्हाला हाकललं, पाणथळ सुकवली. पुढे माणसं परत आली, नकाशावाले आले. त्यांनी कुणाला तरी विचारलं, त्यानं सांगितलं. झालं नाव!

बुधवारी मी बाईंना गाठून हे सांगून टाकलं. त्या गाडीच्या पायरीवर बसल्या.

"आधी का नाही बोललात?"

"तुम्ही रडत होतात."

त्या नखाखालची माती काढू लागल्या. मग म्हणाल्या, "उद्या मीच समितीला सांगते, नावाचा पुरावा धरू नका. बाकी माझी मोजमापं आहेत."

"नुसत्या मोजमापांवर पाणी मिळेल?"

"नाही मिळणार. हसतील फक्त. हसून घ्यायची मला सवय आहे, चासिबभाऊ. खोटं बोलायची नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन सबरियाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "असं का." आणि जेवायला वाढलं.

गुरुवारी समिती आली. साहेब जाडजूड, बूट कोरे करकरीत. सगळा गाव टेकाडावर चढला. साहेबांनी चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, त्या काळी इथे समुद्र होता हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. माशांनी तारे बघितले का?" बरोबरची माणसं हसली. "आणि हे म्हशीवाले. यांना तर आधी हलवायला पाहिजे."

"साहेब," नुहादबाई म्हणाल्या, "टेकाडाच्या नावाबद्दल मला एक दुरुस्ती—"

"नाव ताऱ्याचंच आहे," सबरिया म्हणाली.

सगळे वळले. ती बायकांमधून वाट काढत पुढे आली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं, आजी?" साहेबांनी विचारलं.

"सासूनं. तिला तिच्या सासूनं. कुत्रा टेकाडावर आला की म्हशी आत घ्या, असं म्हणायची ती."

माझी आई असलं काही जन्मात बोलली नव्हती. तिला तारे आणि काजवे सारखेच. नुहादबाईंनी तोंड उघडलं. सबरियानं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. गावही गप्प. म्हशी सगळ्यांच्याच मरत होत्या.

साहेब मात्र खूश झाले. "वा आजी, वा! पुस्तकात नाही सापडत हे. बाई, तुमचं नशीब उघडलं. उद्या माथ्यावर खणायला घ्या. एक भिंत दाखवा, मी दार उघडून देतो." मग खाली उतरता उतरता थांबले. "हां, एक राहिलंच. इथे कुणाची कबर नाही ना? कबर असली तर खणता येत नाही, मग सगळंच बारगळतं."

"नाही," सबरिया म्हणाली.

"तान्ही पोरं ठेवता ना तुम्ही लोक अशा टेकाडांवर?"

"ठेवतो. इथे नाही."

"नक्की ना, आजी?"

"इथे आमचं कुणी नाही."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला वाटलं ती कोसळेल, तिला धरावं. पण ती नीट उभी होती.

गाड्या गेल्या. आम्ही दोघं सुकलेल्या तळातून चालत घरी निघालो. चालून चालून चिखलाला भेगा पडलेल्या भागात आलो तेव्हा ती बोलली.

"खणायला माणसं घेतील ना बाई?"

"घेतील."

"तुम्ही जा. माथ्यावर तुम्हीच खणा. परक्याचं फावडं लागायला नको त्याला."

मी विचारलं, "कशात आणू?"

"कशात काय? ओंजळीत मावेल," ती म्हणाली, आणि म्हशी आत घ्यायला पुढे गेली.