गेंदीची साखर आणि ग्यानबांची डबी

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगात मला या नावाने कुणी ओळखत नाही, सगळे ‘शुगरचं मशीन’ म्हणतात. म्हणेनात का! माझं काम एकच. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की मी साखरेचा आकडा सांगतो, आणि कुणाची भीड ठेवत नाही.

कारखान्यातून मी वाशीमच्या एका मेडिकलमध्ये आलो आणि तिथून ग्यानबांच्या घरी. ग्यानबांना मधुमेह होता. त्यांची बायको बेबीताई रोज सकाळी आठला त्यांना इन्सुलिनची सुई द्यायची आणि मग ताट वाढायची. आधी सुई, मग ताट. अकरा वर्षं हा क्रम एकदाही चुकला नाही. साखर तर तिने घरातून हद्दपारच केली होती. स्वतःचा चहासुद्धा बिनसाखरेचा, तो आजतागायत.

तरी माझा आकडा चढायचाच. बेबीताई डोळे वटारायची, “खरं सांगा, काय खाल्लं?”

“मी कायले खाऊ? हे मशीनच खोटारडं हाय!” ग्यानबा माझ्याकडे बोट दाखवायचे.

असा संताप यायचा म्हणून सांगू! कारण त्यांची चोरी मला ठाऊक होती. पट्ट्या संपलेल्या एका डबीत ते खडीसाखर भरून ठेवत, आणि ती डबी माझ्याच पाकिटाच्या तळाशी लपवत. पण मला तोंड कुठे आहे?

दोन वर्षांपूर्वी ग्यानबा गेले. बेबीताईने मला पाकिटासकट कपाटात ठेवलं. माझा सेल उतरला. त्यांच्या शिव्यासुद्धा आठवून मला रडू यायचं.

मग एक दिवस कपाट उघडलं. ग्यानबांची लाडकी मांजर, झेंडूच्या रंगाची गेंदी, वाळून काडी झाली होती आणि सारखी पाणी पीत होती. वाशीमला नोकरी करणाऱ्या सपनाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, तिला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. निघाला मधुमेह!

“मांजरीले शुगर? मालकावरच गेली मेली!” बेबीताई म्हणाली.

डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एक-एक युनिट इन्सुलिन सांगितलं. बजावलं, “आधी तिला खाऊ द्या, मगच सुई. खाल्लं नाही तर सुई देऊ नका, मला फोन करा.” मला नवा सेल मिळाला, नव्या पट्ट्या मिळाल्या. गेंदीच्या कानाच्या कडेला बारीकसं टोचून थेंब घ्यायचा. मित्रांनो, अडगळीतल्या वस्तूला पुन्हा कुणी हातात घेतं ना, तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकत नाही.

पण बेबीताईच्या हाताला अकरा वर्षांची सवय होती. आधी सुई, मग ताट. गेंदी खादाड, ती लगेच खायची, म्हणून महिनाभर निभावलं. एका सकाळी मात्र सुई टोचून झाली, आणि गेंदीने ताटली नुसती हुंगली. ती कोपऱ्यात जाऊन बसली ती उठेचना. तासाभराने उठली तर पाय लटपटत होते, डोळे भलतीकडेच लागलेले.

बेबीताईने घाईने गेंदीच्या कानाचा थेंब माझ्या पट्टीला लावला. मी आकडा दाखवला, एकेचाळीस, म्हणजे उपाशीपोटी सुईने साखर पार घसरलेली. असा आकडा दाखवताना मलाच मरणाची भीती वाटली.

तिने सपनाला फोन लावला. “सपना, गेंदी पडून राह्यली वं!”

“आई, तिच्या हिरड्याले साखर चोळ! लवकर! मग डॉक्टरले फोन कर, नंबर पाकिटात हाय.”

“अवं, साखर कुठून आणू? घरात एक दाणा नाही!”

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पाकीट! माझं पाकीट बघ! कुणाला ऐकू जाणार? शेवटी नंबराची चिठ्ठी शोधायला तिने पाकीट उलटं केलं. जुनी डबी फरशीवर आपटली, झाकण उडालं, आणि खडीसाखरेचे खडे घरभर पसरले.

बेबीताईने एक खडा बत्त्याखाली चुरला, पाण्यात कालवला आणि बोटाने गेंदीच्या हिरड्यांना चोळला. पुन्हा चोळला. थोड्या वेळाने मी त्रेसष्ट दाखवले. मग अठ्ठ्याऐंशी. गेंदीने बेबीताईचं बोट चाटलं आणि ताटलीकडे गेली.

“इथं लपवत होते व्हय तुमी?” फोटोतल्या ग्यानबांना बेबीताई म्हणाली. हसत होती की रडत होती, देव जाणे. “आन् खोटारडं म्हनत होते या गरीब मशीनले!”

अहो, इतक्या वर्षांनी मला न्याय मिळाला!

त्याच दिवशी जीपने गेंदीला वाशीमला नेलं. डॉक्टर रागावले, पण गेंदी वाचली. आता माझ्या पाकिटावर सपनाच्या अक्षरात चिकटवलंय, ‘आधी ताट, मग सुई.’ बाळांनो, तुमच्या घरी असं कुणी आजारी असेल तर त्याने खाल्लं का, एवढं रोज विचारत जा. आणि माझ्यासारख्याचा आकडा आवडला नाही, तरी त्याला खोटं पाडू नका.

त्या डबीत बेबीताईने पुन्हा खडीसाखर भरून ठेवली आहे, गेंदीसाठी. कधीकधी बिनसाखरेचा चहा पिताना ती हळूच एक खडा तोंडात टाकते आणि फोटोकडे बघते. मी कुणाला सांगत नाही. तेव्हाही सांगितलं नव्हतं.